आतोबांच्या टाकीची घळघळ

माझ्या आतोबांनी आयुष्यात जगातला एकही आवाज सहन केलेला नाही. एक स्वतःचा सोडून. सकाळी ते गुळण्या करायला लागले की समोरच्या बिल्डिंगच्या पत्र्यावरची कबुतरं उडतात, फोनवर बोलायला लागले की पलीकडच्या माणसाला फोनची गरज उरत नाही, आणि त्यांची शिंक म्हणजे... जाऊ दे, शिंकेवर वेगळं लिहावं लागेल. पण पंख्याने नुसतं एकदा 'कुर्र' केलं ना, की हा माणूस जेवता जेवता पानावरून उठून स्टूल शोधायला लागतो. "ऐकलंस सई?" "नाही हो आतोबा." "ऐक. आता परत येईल. थांब... हां! हे!" देवाशप्पथ सांगते, मला काहीही ऐकू आलेलं नसायचं. मुंगीने कूस बदलली तरी या माणसाला कळेल असे कान होते त्यांचे.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे मिस्टर. दोघं ठाकुर्लीला राहतात, मी डोंबिवलीला, त्यामुळे माझं येणं-जाणं चालूच असतं. आतोबा रिटायर होईपर्यंत ठाण्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. अख्खं आयुष्य मशिनांच्या धडधडाटात गेलं, म्हणून घरी तरी शांतता हवी, असं त्यांचं म्हणणं. आत्याचं म्हणणं असं की तिथे मशीन गप्प करायचा पगार मिळायचा, इथे सगळ्या जगाला फुकटात गप्प करत फिरतात. आणि फिरतात म्हणजे खरंच फिरतात. शर्टाच्या खिशात पेन नसेल एक वेळ, पण शिवणमशीनच्या तेलाची ती छोटी बाटली असणार म्हणजे असणारच. माझ्या चुलतभावाच्या लग्नात, डोंबिवलीच्या हॉलवर, ऐन मंगलाष्टकांत आतोबा गायब. आत्या अक्षता मुठीत धरून चहूकडे बघतेय. आणि हे कुठे, तर मागच्या भटारखान्याचं दार पुढे-मागे करून बिजागरीत तेल सोडतायत! परत आले तेव्हा लग्न लागून गेलेलं. "त्या दाराने भटजींचा सूर हलत होता," म्हणाले. मग त्यांनी ज्या उरलेल्या अक्षता टाकल्या त्यांना तेलाचा वास, आणि नव्या नवरीच्या शालूवर तेलाचा डाग अजून आहे.

त्यांच्या सोसायटीच्या गेटचं पण तसंच. ते लोखंडी गेट असं करकरायचं की म्हाताऱ्या माणसांच्या दाढा शिवशिवायच्या. आतोबांनी एका दुपारी ते लोण्यासारखं करून टाकलं. सगळी सोसायटी खूश, वॉचमन सोडून. तो दोन दिवसांनी हात जोडून आला. "साब, आपने तो मेरा अलार्म ही बंद कर दिया. अब कौन आया, कौन गया, पता ही नहीं चलता. नींद लग जाती है." आतोबांनी त्याला जागरूकतेवर मोठं लेक्चर दिलं. इतक्या मोठ्या आवाजात, की तो पुढे आठवडाभर जागा होता.

घरात तर विचारूच नका. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातलेले. कपाटांच्या दारांना आतून फोमच्या पट्ट्या. दारावरच्या बेलच्या आत त्यांनी फेल्टच्या जाड कापडाचा तुकडा कोंबलेला, त्यामुळे बेल दाबली की लांब कुठेतरी कुणीतरी सभ्यपणे खोकल्यासारखं व्हायचं, बस. आणि कुकर! शिट्टी व्हायच्या आधी जो 'फुस्स' आवाज येतो ना, तेवढ्यातच आतोबा जाऊन गॅस बंद करायचे. मी त्या घरात शिजलेली डाळ कधी खाल्लीच नाही. वरण नाही, ओले मूग खाल्ल्यासारखं लागायचं.

आणि या सगळ्यात आत्या. आत्या शाळेत शिकवायची. तिचा आवाज असा, की तिने वर्गात कविता म्हटली तर बाहेर ग्राउंडवर पीटीचा वर्ग थांबून ऐकायचा. पण घरी ती काही बोलायला लागली की आतोबांचं ठरलेलं, "अगं, समोर वर्ग नाहीये, मी एकटाच आहे." ती हसायची. मग हळूहळू आवाज कमी केला तिने. ती रिटायर झाल्यावर मला एकदा जाणवलं की आत्या आता फोनवरसुद्धा लायब्ररीत बसल्यासारखी बोलते. मी तेव्हा फार काही विचार केला नाही. खुर्च्यांना मोजे, बेलला फेल्ट, आत्याला 'वर्ग नाहीये', असं सगळं एकाच रांगेतलं धरून चाललो होतो आम्ही.

तर आता टाकी. आतोबांचं बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, चिडचिड कमी करा, आणि जमलं तर घरात मासे ठेवा, मासे बघत बसलं की मन शांत होतं. डॉक्टरांच्या डोळ्यासमोर काचेचं छोटं भांडं असणार, दोन गप्पी, संपलं. पण आतोबांनी मोबाईलवर वाचायला सुरुवात केली. छोट्या टाकीत हवेचा पंप लागतो, तो घूं-घूं करतो, म्हणजे बाद. फिल्टर टाकीला लटकवला की तो थरथरतो, म्हणजे तोही बाद. शेवटी त्यांना कळलं की एक पद्धत अशी आहे की वरच्या टाकीत कुठलंच यंत्र नसतं. कोपऱ्यात काचेचा एक अरुंद खण असतो. वरचं पाणी त्यात सांडतं, तिथून पाइपने खाली कपाटातल्या दुसऱ्या टाकीत जातं, तिथे गाळून स्वच्छ होतं आणि पंप ते परत वर पाठवतो. "एकदम सायलेंट सिस्टीम," असं कल्याणच्या दुकानदाराने सांगितलं. आतोबांनी स्वतः उभं राहून, डोळे मिटून, कान लावून खात्री केली. फक्त एक झालं, की ते दुकान कल्याण स्टेशनबाहेर भर रस्त्यावर, बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं, आत भिंतभर टाक्या एकत्र बुडबुडतायत. तिथे विमान उतरलं असतं तरी सायलेंट वाटलं असतं!

टाकी घरी आली, भरली, पाच एंजल मासे सोडले, आत्याने हळद-कुंकू वाहिलं (टाकीला, माशांना नाही) आणि आतोबांनी पंप चालू केला. मी तिथेच होते. आधी काही नाही. मग पाणी कोपऱ्यातल्या खणात सांडलं, पाइपमध्ये शिरलं, आणि त्या शांत घरात असा आवाज झाला, की कसं सांगू... बाथरूममध्ये शेवटचं पाणी जाळीतून जाताना जो होतो ना, घळळळ-गुड-गुड-फुर्र, तो. फक्त तो बाथरूममध्ये संपतो. हा संपेना. घळळळ, गुड-गुड, फुर्र, परत घळळळ. मासे मस्त फिरतायत. आतोबांचा चेहरा हळूहळू टोमॅटो होतोय. आत्या मात्र हनुवटीला हात लावून अगदी सात्त्विक चेहऱ्याने म्हणाली, "छान शांत वाटतंय हो."

तिथून पुढे आतोबांचं आयुष्य म्हणजे ती घळघळ. प्रॉब्लेम त्यांना पहिल्याच दिवशी कळला, माणूस मेंटेनन्सचाच. पाइप मोठा, पाणी कमी, म्हणून पाण्याबरोबर हवा पण खाली खेचली जाते, आणि ती हवा वाटेत भांडते. "हवेला वाट दिली की झालं," म्हणाले. आधी पाइपच्या तोंडात स्पंज घातला. आवाज गेला, पण स्पंजमध्ये टाकीतल्या झाडांची पानं अडकून पाणी वर चढलं आणि एक एंजल त्या खणात उतरून हवा खायला गेल्यासारखा हिंडायला लागला. मग कपाटाला आतून थर्माकोल लावलं. मग आत्याची जुनी शाल कपाटाभोवती गुंडाळली. त्या दिवशी कुणी पाहुणे आलेले, त्यांनी विचारलं, "टाकीचा सत्कार आहे का? नारळ कुठेय?" मग पाइपच्या डोक्यावर टी आकाराचा जोड बसवला, त्यावर झाकण, झाकणाला हवेसाठी भोक. घळघळ बरीच कमी झाली! आम्ही पेढे खाणार इतक्यात ते भोक शिट्टी वाजवायला लागलं. बारीक, सतत, डासासारखी. ज्या माणसाने जन्मात कुकरची शिट्टी होऊ दिली नाही, त्याच्या हॉलमध्ये आता दिवसभर न थांबणारी शिट्टी! मी इतकी हसले की मला बाल्कनीत जावं लागलं.

हार्डवेअरच्या दुकानात आतोबांच्या इतक्या फेऱ्या झाल्या, की ते लांबून दिसले की शेठ आपोआप एल्बोचा, म्हणजे पाइपच्या वाकड्या जोडांचा डबा काउंटरवर ठेवायचा. "काका, एक विचारू? घरी टाकी आहे की तुम्ही धरण बांधताय?" आतोबांना असले विनोद चालत नसत. "धरणाला आवाज असतो," ते म्हणाले. "मला बिनआवाजाचं हवंय."

इथपर्यंत सगळी गंमतच होती. खरी गोष्ट नंतर सुरू झाली, ती आत्याची.

आत्याने एक काम घेतलेलं. ठाण्याला एक संस्था आहे, दृष्टिहीन मुलांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करून देते. घरी बसून धडे वाचायचे, फोनवर रेकॉर्ड करायचे, पाठवून द्यायचे. आत्याने आतल्या खोलीत दाराला गोधडी लावली, छोटा माइक घेतला, आणि सातवीची पुस्तकं वाचायला लागली. मी तिला इतकी खूश शाळा सुटल्यापासून बघितलेली नाही! शिवाजी महाराजांचा धडा असला की आवाज वेगळा, गणितातला नफा-तोटा असला तरी त्यात तिला नाट्य सापडायचं. मुलं फोन करायची तिला. एका मुलाने विचारलं, "मॅडम, तुम्ही नदीकाठी राहता का? धड्यात मागे नदी वाहते." आत्या बिचारी म्हणाली, "हो रे, जवळच आहे." आणि मग माझ्याकडे बघून इतकी लाजली, की जणू खोटी नदी तिनेच आणून ठेवलीय.

पण नदीचं कौतुक फार दिवस टिकलं नाही. संस्थेतल्या ताईंचा फोन आला. त्या फार गोड बोलल्या, म्हणजे वाईट बातमी होती. "काकू, वाचन तर तुमचं एक नंबर आहे. पण मागे सतत कुणीतरी आंघोळ करतंय असं येतंय हो. मुलांच्या परीक्षा जवळ आल्यात, ती रात्रंदिवस हेच कानात घालून अभ्यास करणार. इतिहासाचं पुस्तक सोमवारपर्यंत स्वच्छ मिळालं तर ठीक, नाहीतर मला ते दुसऱ्या कुणालातरी द्यावं लागेल. आणि मग पुढचीपण त्यांच्याकडेच जातील. राग मानू नका हं." आत्याने राग मानला नाही. आत्या "बरं" म्हणाली, फोन ठेवला आणि गवार निवडत बसली. निवडलेली गवार देठांत टाकत होती आणि देठं पातेल्यात. तेव्हा मला कळलं हे किती लागलंय तिला. "आतोबांना सांग ना," मी म्हटलं. "नको गं. त्यांना वाटेल मी टाकीच्या जिवावर उठलेय. त्या माशांनी बीपी खरंच कमी झालंय त्यांचं."

मीच सांगितलं मग. माझ्या पोटात काही राहत नाही. आतोबांनी हातातला पाना खाली ठेवला आणि आत्याच्या दारावरची गोधडी नीट सारखी केली. 

आता तुम्ही म्हणाल पंप बंद करा की तासभर. केला ना! त्याच संध्याकाळी. आत्या आत वाचतेय, पंप बंद, घर गप्प. आणि आतोबा टाकीसमोर उभे, माशांच्या कल्ल्यांकडे टक लावून. थोड्या वेळाने दारावर टकटक. "अगं, तो मोठा जरा जोरात श्वास घेतोय." परत थोड्या वेळाने, "झालं का गं? दम लागतोय त्यांना." रेकॉर्डिंग ऐकलं तर अफजलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी येतो, आणि मागून स्वच्छ आवाजात, "तो मोठा जरा जोरात श्वास घेतोय." आत्यानेच मग सांगितलं, राहू दे, मुक्या जिवांचा श्वास कोंडून मी काय महाराज वाचू.

मग आतोबांनी शेवटचा मोठा उपाय काढला. दोन पाइप. एका पाइपला खाली चाकाचा व्हॉल्व्ह. तो हळूहळू आवळत गेलं की पाइप पूर्ण पाण्याने भरतो, हवेला शिरायला जागाच उरत नाही, आणि हवा नाही म्हणजे भांडण नाही. दुसरा पाइप वरच्या पातळीला, नुसता मोकळा. कधी पहिल्यात काही अडकलं आणि पाणी वाढलं तर त्यातून जावं म्हणून. शनिवारी सकाळी बसवलं. व्हॉल्व्ह आवळला, आवळला, आणि शप्पथ सांगते, घळघळ गेली! खरंच गेली! आम्ही तिघंही कान टवकारून उभे. आणि मग तो दुसरा पाइप. त्यातून अगदी थोडं पाणी झिरपत होतं. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप. बाकी कुठल्याही माणसाने त्या 'टप'ला नमस्कार करून चहा टाकला असता. मी घरी निघून गेले. आणि माझी पाठ वळल्यावर आतोबांनी काय करावं? त्या दुसऱ्या पाइपच्या तोंडात थर्मासचं जुनं बूच ठोकून बसवलं. घट्ट. टप पण बंद. अख्ख्या जगात एकच पाइप असा होता ज्याचं काम फक्त संकटकाळी उघडं राहणं, आणि तो यांनी आवाज करतो म्हणून बंद केला!

रविवारी दुपारी मी परत गेलेले. जिना चढते तर आतोबांच्या दारात खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या, बेलवर बोट दाबून. "अगं सई, केव्हाची बेल दाबतेय! आमच्या हॉलच्या छतातून पाणी गळतंय. घरात कुणी नाही का?" मी कान लावला. आत लांब कुणीतरी सभ्यपणे खोकत होतं. फोन लावला, तर दोघांचेही सायलेंटवर. शेवटी मी चप्पल काढून दारावर अशी बडवली की वरच्या मजल्यावरचे लोक खाली वाकून बघायला लागले.

दार उघडलं. तेल घातलेलं दार, आवाजाशिवाय उघडलं. समोर आतोबा. ओठांवर बोट. "श्श्श्! आत रेकॉर्डिंग चालू आहे!" आणि त्यांचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात.

मी खाली बोट दाखवलं. आतोबांनी खाली बघितलं. खुर्चीचे चारही मोजे ओले गच्च, पेपर तरंगत बाल्कनीकडे निघालेला, आणि टाकीच्या काचेवरून पाण्याचा एक सुंदर, पातळ, अजिबात आवाज न करणारा पडदा खाली येत होता. एका पाइपात पान अडकलेलं, दुसऱ्याला बूच, पाण्याला बिचाऱ्याला जायला वाटच ठेवलेली नव्हती. इतका वेळ हा माणूस स्टुलावर पाय ठेवून, डोळे मिटून त्या शांततेचा आनंद घेत बसलेला! तेवढ्यात खालची टाकी रिकामी झाली आणि पंप कोरडा पडून घर्रर्र करायला लागला, तेव्हा कुठे त्यांनी धावत जाऊन स्विच बंद केला.

आणि आत्या? पाणी दाराखालून तिच्या खोलीत शिरलेलं, तिची पावलं भिजलेली, पण परिच्छेद संपला नव्हता. मुलांना मध्येच तोडलेलं आवडत नाही म्हणून तिने परिच्छेद पूर्ण वाचला, पूर्णविराम घेतला, आणि मग बाहेर आली.

काकूंची माफी मागून, पुसापुशी होऊन, मासे बघून (मासे मजेत, त्यांना काय) आम्ही बसलो तेव्हा संध्याकाळ झालेली. आतोबा ओल्या पँटमध्ये खुर्चीच्या कडेवर.  मग कल्याणच्या दुकानदाराला फोन लावला. "टाकी परत घेऊन जा. हो, मासे पण. आज येता येईल?" आणि मग आत्याकडे न बघता, "उद्या सोमवार आहे ना. तुझं ते पुस्तक राहायला नको."

आत्याने त्यांच्या हातातून फोन घेतला. "नमस्कार. टाकी कुठेही जाणार नाहीये. ठेवते." आणि वळून, "अहो, तुम्ही आधी ते बूच काढा. एक वाट आवळली तर दुसरी मोकळी नको का ठेवायला? इतकी वर्षं मशिनी दुरुस्त केल्यात तुम्ही, आणि एवढं कळलं नाही?"

"ते टप करतं गं."

"करू दे! माझ्या माइकला ऐकू आलं तर बघू. तुमच्या कानांना नाही विचारत आहे मी."

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. बूच आणि अडकलेलं पान काढून, पाणी भरून पंप परत चालू केला. आत्या आत गेली, दार लावलं, हेडफोन घातला, माइक चालू केला. आतोबा कपाटात डोकं घालून व्हॉल्व्हच्या चाकाशी, मी मध्ये. आणि बंद दाराआडून, गोधडीतून, माझ्या आत्याचा तो खरा आवाज आला. ग्राउंडवरचा पीटीचा वर्ग थांबवणारा. "घळघळ येतेय! आवळा!" आतोबांनी आवळलं. "अजून!" अजून आवळलं. "थांबा! आता पाणी भरभर वर चढतंय ना? मागे घ्या थोडं. थोडं म्हटलं मी, एवढं नाही! हां!" आणि हा माणूस, ज्याने सोसायटीच्या गेटलाही बोलू दिलं नाही, तो "हो, हो" करत कपाटातून तिच्या हुकुमाप्रमाणे चाक फिरवत होता. खालच्या काकू परत वर आल्या, आता आणि काय झालं म्हणून. मी त्यांना म्हटलं, काही नाही, काकू, शांतता करतायत.

मग आतून काहीच आलं नाही. आम्ही थांबलो. दुसऱ्या पाइपमधून टप झालं. आतोबा दचकून माझ्याकडे बघायला लागले. आतून हळूच, "येत नाहीये. नुसतं सुरेख आहे. मी वाचते आता."

आतोबा टाकीसमोर बसले. दाराआडून आत्याचा आवाज येत होता, महाराज आग्र्याला निघालेले. आणि मी बघितलं, की आतोबा मासे बघतच नव्हते. दाराकडे बघत होते. इतकी वर्षं या घरातला प्रत्येक आवाज त्यांनी बंद केला, पण बंद करण्यात इतके गुंतले की हा एक कधी ऐकलाच नव्हता बहुतेक. जेवताना भात कालवत म्हणाले, "मग? पुढे सुटले का ते आग्र्याहून?" आत्या म्हणाली, "अहो, तुम्हाला माहिती नाही का?" "माहितीय गं. पण तू सांगताना माहिती नसल्यासारखं वाटतं." आत्या पानावरून उठून उगाचच लोणचं आणायला आत गेली.

सोमवारी पुस्तक गेलं, आणि ते स्वच्छ होतं. त्याच्यानंतर पुढची पुस्तकं आली, आठवीची, नववीची. टाकी तशीच आहे, तो व्हॉल्व्ह आतोबा कुणाला हात लावू देत नाहीत.

गेल्या रविवारी मी गेलेले. आतोबा टाकीसमोर, आत्या आत तयारी करतेय. मी चहा घेऊन बसले, आणि मला ऐकू आलं. अगदी बारीक. घळ... घळ. मला हसूच आलं, म्हटलं आता आतोबा उठणार, आता कपाटात डोकं घालणार. आतोबा उठले नाहीत. आवाज जरा वाढला. ते निवांत माशांकडे बघत होते. माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, "बघ कशी ठेवलीय. टाचणी पडली तरी ऐकू येईल." मागे पाइप चांगला घळघळत होता.

 कारखान्यातल्या त्या मशिनांनी किती वर्षांचं घेतलं असेल त्यांच्या कानांतून, आणि आता त्याचा हिशेब दिसायला लागला होता, मुंगीची कूस ऐकणाऱ्या माणसाला पाइप ऐकू येत नव्हता.

आत्या दारात आलेली. तिलाही ऐकू आलेलं. माझ्याकडे बघितलं तिने, एकदाच, आणि मान हलवली, बोलू नकोस अशी. मग टाकीशी आली, खाली वाकली, कपाटाचं दार उघडलं आणि चाक केसभर फिरवलं. घळघळ थांबली.

"काय शोधतेस?" आतोबांनी विचारलं.

"केसांचं रबर पडलंय माझं."

"मिळालं?"

"मिळालं."

ती आत गेली. रेकॉर्डिंगला दार लावायचं असतं, गोधडी ओढायची असते. तिने दार अर्धं उघडंच ठेवलं आणि वाचायला लागली, माइकला लागतो त्याच्यापेक्षा खूप मोठ्या आवाजात. आतोबांनी त्यांची खुर्ची उचलली, त्या दाराजवळ नेऊन ठेवली आणि कानामागे हात धरून बसले, जसं काही उद्या तो धडा त्यांनाच परीक्षेला आहे.